पुडी क्रमांक एकोणीस

शनिवार, ६ सप्टेंबर २०२५. संध्याकाळी ६ वाजून ४० मिनिटे.

मोरीत बसून स्क्रूचा पत्र्याचा डबा तिसऱ्यांदा गरम पाण्याने धुतला. तेलाचा वास अजून थोडा येतो. हात पुसून ही वही उघडली आहे. नवीन काम हातात घेतलं की त्याची वही वेगळी असावी, म्हणून ही नवी. पानांना आधी क्रमांक घातले, एक ते शहाण्णव.

काम असं आहे. कारखान्यातले आम्ही पाच जण महिन्यातून एका रविवारी डोंगरावर जातो. फोरमनसाहेब, भावजी (ताईचे यजमान, फिटर), सुतारकाका, पॉलिशवाल्या मावशी आणि मी. मागच्या खेपेस मावशींचा पाय मुरगळला आणि पाच जणांत मिळून एक हातरुमाल निघाला. तोही भावजींचा, म्हणजे त्याने बांधण्यापेक्षा न बांधलेलं बरं. आज चहाच्या सुट्टीत साहेब म्हणाले, "प्रथमोपचाराचा डबा पाहिजे. माणशी तीनशे काढा. जमवायचा कोणी?"

मावशी म्हणाल्या, "दोनदाला द्या. तो करेल नीट."

दोनदा म्हणजे मी. स्टोअरमधून माल देताना मी दोनदा मोजतो म्हणून. सुतारकाका म्हणाले, "याला दिला तर डब्यातले कापसाचे धागेसुद्धा मोजून येतील." सगळे हसले, पण पैसे माझ्याच हातात दिले. पंधराशे. आठवीनंतर शाळा सुटली, तेव्हापासून विश्वासाने कोणी काही सोपवल्याचं हे पहिलंच. भावजींनी नोकरीला लावलं, पण ती त्यांच्या शब्दावर मिळाली. हे माझ्यावर मिळालं.

डबा जुन्या स्क्रूंचा, फुकट. भावजी त्याला कडी बसवून देणार आहेत.

सोमवार, ८ सप्टेंबर

औषधवाल्याकडे एक तास दहा मिनिटं उभा होतो. चार गिऱ्हाइकं माझ्या मागून आली आणि पुढून गेली. गॉज लहान आणि मोठे, सुती पट्ट्या, लवचिक पट्टी, चिकटपट्टी, कापूस, जंतुनाशक, हातमोजे, चिमटा, कात्री, सेफ्टी पिना, पाण्यात घालायची पावडर, खाज आणि उलटीच्या गोळ्या. प्रत्येक वस्तूची शेवटची तारीख बघून घेतली. औषधवाला म्हणाला, "डोंगरावर चाललायस की लढाईवर?" मी म्हटलं, डोंगरावर. तो हसला, म्हणजे त्याने चेष्टेत विचारलं होतं.

एकूण ११८५. "निर्जंतुक" हा शब्द खोक्यावर बघून लिहून घेतला. माझ्याकडून "निर्जंतूक" होत होतं.

गुरुवार, ११ सप्टेंबर

कारखान्याच्या फाटकाशेजारच्या दवाखान्यात सिस्टर आहेत. जेवणाच्या सुट्टीत यादी घेऊन गेलो. त्यांनी चष्म्यावरून यादी पाहिली आणि म्हणाल्या, "अक्षर छान आहे. रक्त आलं तर पहिलं काय करशील?"

मी म्हटलं, जंतुनाशकाने धुवीन.

"पहिलं दाबायचं. हाताशी जे स्वच्छ असेल त्याने, जोर लावून. बाकी सगळं नंतर. आता पट्टी बांधून दाखव." त्यांनी हात पुढे केला.

मी म्हटलं, माझ्या पट्ट्या सीलबंद आहेत, उघडल्या तर निर्जंतुक राहणार नाहीत. त्या म्हणाल्या, "मग एक जादाची घे आणि घरच्या कुणाच्या तरी हातावर रोज बांध. हात शिकला पाहिजे. यादी वाचून हात शिकत नाही."

हे यादीत शेवटी लिहून ठेवलं आहे. "सरावासाठी पट्टी, १ नग. नंतर घेणे."

रविवार, १४ सप्टेंबर

आजचा दिवस फार छान गेला. फोरमनसाहेबांना विचारून कारखान्याच्या पॅकिंगच्या खोलीत बसलो. आमच्या प्रत्येक कपाटाच्या खोक्यात एक पुडी जाते. सहा बिजागऱ्या, चोवीस स्क्रू, दोन मुठी, एक किल्ली. जाड प्लास्टिकात घालून मशीनवर तोंड दाबलं की बंद. पातळ प्लास्टिक चालत नाही, स्क्रूच्या टोकाने फाटतं. मी आजवर हजारो पुड्या केल्या असतील, एकही तक्रार नाही. डब्यातलं सामान त्याच पद्धतीने केलं. एकेका कामाची एकेक पुडी, चारी बाजूंनी बंद, आत चिठ्ठी, बाहेर क्रमांक. एकूण वीस पुड्या. झाकणाच्या आत यादी चिकटवली. सोबत एक छोटी वही: वेळ, घेणाऱ्याचे नाव, वस्तू, नग, सही.

वही का, ते इथे लिहून ठेवतो. स्टोअरमध्ये लागलो त्या पहिल्या महिन्यात चाळीस बिजागऱ्या कमी भरल्या होत्या. मी घेतल्या नव्हत्या. सुतारांनी न सांगता नेल्या होत्या आणि मी लिहिलं नव्हतं. सुट्टीच्या वेळी फाटकाशी मला खिसे उलटे करून उभं केलं. सगळे बाहेर पडत होते आणि बघत होते. पैसे भावजींनी भरले आणि पुन्हा कधी तो विषय काढला नाही. तेव्हापासून नोंदीशिवाय माझ्या हातून वस्तू सुटत नाही.

भावजींनी कडी बसवली. वरून अंगठ्याने दाबली की टक् करून उघडते. त्यांनी ती वीस वेळा उघडून दाखवली. म्हणाले, "आंधळ्यानेसुद्धा एका हाताने उघडावी, अशी केली आहे. वाजते कशी बघ. सासऱ्यांच्या घड्याळासारखी." आमच्या वडिलांच्या घड्याळाचा आवाज आम्हा दोघांशिवाय कोणाला आठवत नाही.

मंगळवार, १६ सप्टेंबर

आईचा तळवा कांदा कापताना सुरीने कापला. बराच. मी धावत औषधवाल्याकडे गेलो, पट्टी आणायला. दुकान बंद होतं. पुढच्या चौकातल्या दुकानात गेलो. परत यायला वीस मिनिटं लागली. तोवर आईने जुन्या चादरीचं फडकं गुंडाळून भाजी फोडणीला टाकली होती.

ती म्हणाली, "तो डबा भरलाय ना तू, फळीवर आहे तो?"

मी म्हटलं, तो मंडळींचा आहे. आणि पुड्या मोजलेल्या आहेत.

ती म्हणाली, "असू दे. तुझा डबा कशाला मोडायचा. माझं काय, थांबतंच." आणि पोळपाटावर रक्त लागलं होतं ते पुसून घेतलं.

डबा शाबूत राहिला. पण झोपताना तिने हात उशीवर उंच ठेवला होता, ते दिसलं. वाईट वाटलं. बरोबर केलं की नाही, ठरवता येत नाही. दुसऱ्यांच्या पैशातली वस्तू घरात कशी वापरायची?

शनिवार, २७ सप्टेंबर

उद्या डोंगर. चहाच्या सुट्टीत डबा सगळ्यांना दाखवला. वजन तीन किलो शंभर ग्रॅम. मावशी म्हणाल्या, "अगंबाई, नाकापेक्षा मोती जड!" साहेबांनी यादी वाचली आणि पाठीवर थाप मारली. सुतारकाकांनी एक पुडी उचलून वाजवली, ओढून बघितली. म्हणाले, "एवढी पक्की केलीस, उद्या मला लागलं तर मला करवत आणावी लागेल."

मी म्हटलं, कात्री आहे काका. पुडी क्रमांक एकोणीस.

ते माझ्याकडे बघून मोठ्याने हसले. काय हसण्यासारखं होतं, मला कळलं नाही.

रविवार, २८ सप्टेंबर

लिहवत नाही.

मंगळवार, ३० सप्टेंबर

दोन दिवस वही हातात घेऊन ठेवून देतो आहे. आता लिहितो. जसं झालं तसं.

उतरताना झालं. फोरमनसाहेब पुढे गेले होते, वळणापलीकडे. सुतारकाका दम खायला खडकावर टेकले आणि हात मागे टेकवला. गवतात पडलेला जुन्या पाटीचा पत्रा होता, गंजलेला. हात त्यावरून घसरला. तळव्यापासून मनगटापर्यंत. काका ओरडले नाहीत. "अरे" एवढंच म्हणाले, कोणी भेटल्यावर म्हणतात तसं.

भावजींनी त्यांना मागून धरलं आणि ओरडले, "दोनदा, डबा!"

मी डबा खाली ठेवला. कडी अंगठ्याने दाबली, टक् करून उघडली. झाकणावरची यादी वाचली. मोठे गॉज, पुडी तीन. पुडी तीन काढली. मग मी छोटी वही काढली.

हे मी का केलं, मला माहीत नाही. खरं सांगायचं तर त्या क्षणी मला ते चुकीचं वाटलंच नाही. घड्याळ पाहिलं. ११.२२ लिहिलं. "घेणाऱ्याचे नाव" खाली सुतारकाका लिहिलं. आणि विचारलं, "काका, डावा की उजवा?"

तो समोर दिसत होता. उजवा होता. कोपरापर्यंत लाल झाला होता.

काका म्हणाले, "उजवा रे बाळा."

मी कंसात उजवा लिहिलं.

मग पुडी फाडायला गेलो. फाटेना. तिचं तोंड मीच दाबलेलं, जाड प्लास्टिक, बिजागऱ्यांचं. हाताला घाम. दातांनी ओढलं, दात घसरला. कात्री पाहिजे म्हणून एकोणीस नंबर शोधला. एकोणीस नंबरसुद्धा तशीच बंद. कात्री आतून दिसत होती. तिची टोकंसुद्धा दिसत होती. मी ती हातात धरून बसलो. ती उघडायला कात्री पाहिजे, हे माझ्या डोक्यात तेव्हा पहिल्यांदा आलं. पंधरा दिवस मी त्या पुडीकडे बघत होतो.

मावशींनी गळ्यातला मोठा रुमाल ओढून काढला, घडी केली, काकांच्या हातावर ठेवला आणि दोन्ही हातांनी दाबला. सिस्टरांनी सांगितलं होतं ते. मला सांगितलं होतं, मावशींना नाही. पिवळा रुमाल होता. मुलीने पहिल्या पगारातून आणलेला. चढताना त्यांनी दोनदा सांगितलं होतं.

शेवटी दगडाच्या धारेवर घासून पुडी फोडली. घड्याळात ११.२६.

तेवढ्यात साहेब परत आले. रुमाल बघितला, उघडा डबा बघितला. "डबा असताना रुमाल का? एवढा वेळ काय करत होता?"

मी म्हटलं, "कडी अडकली होती."

तोंडातून निघालं. जणू ते तिथेच ठेवलेलं होतं.

साहेबांनी भावजींकडे पाहिलं. भावजी काकांना धरून बसले होते, त्यांची पाठ माझ्याकडे होती, असं मला वाटतं. त्यांना काही दिसलं नसणार. ते म्हणाले, "हो साहेब. मीच बसवली होती. घाई केली बसवताना."

मावशींनी रुमालावरून नजर काढली नाही. त्या दाबून बसल्या होत्या.

बुधवार, १ ऑक्टोबर

काकांच्या हाताला सोळा टाके पडले. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट वाकत नाही. डॉक्टर म्हणाले, शीर आतून कापली होती, सांधली आहे, सहा आठवडे वाट बघा. हात परत रंधा धरेल की नाही, ते तेव्हा कळेल. एकोणचाळीस वर्षं तो हात रंधा धरतो आहे.

काकांकडे न जाता मी दवाखान्यात डॉक्टरांना गाठून विचारलं, चार मिनिटं उशीर झाल्याने बोटं गेली का? ते म्हणाले, "बोटांचं पत्र्याने झालं. उशिराने रक्त गेलं." म्हणजे बोटं माझ्यामुळे नाहीत. हे ऐकून मला जरा बरं वाटलं, आणि बरं वाटलं याचीच लाज वाटते आहे.

कारखान्यात आता दार चिकटलं की कोणीतरी ओरडतं, "कडी कोणी बसवली?" भावजी हसून हात वर करतात. दुपारी साहेबांनी भावजींनी गेल्या महिन्यात कड्या बसवलेली बारा कपाटं बाहेर काढायला लावली आणि एकेक उघडून, बंद करून पाहिली. सगळा कारखाना बघत उभा होता. बाराच्या बारा नीट होत्या. साहेब आत गेले. भावजींनी बारा कपाटं एकट्याने परत ढकलली. मी स्टोअरच्या जाळीआडून बघत होतो. मदतीला गेलो नाही. त्यांनी माझ्याकडे बघितलं तर, म्हणून.

गुरुवार, २ ऑक्टोबर

भावजी आणि ताई संध्याकाळी आले. डबा फळीवर होता. भावजींनी तो मांडीवर घेतला आणि कडी उघडायला लागले. टक्. बंद. टक्. बंद.

ताई म्हणाली, "चालते की. मग अडकली कशी?"

"डोंगरावर हवा पातळ असते," भावजी म्हणाले. "लोखंडाचासुद्धा जीव घाबरतो."

"लोखंडाचा?"

"मग काय. माणसांचं तर विचारूच नको."

आई हसली. मी पाणी आणायला उठलो. भावजी जाताना म्हणाले, "साहेब म्हणतात, नवीन कडी आणून बसव, पंच्याऐंशीला मिळते. ते पैसे मंडळींच्या पैशातून नको, माझ्या नावावर लिही. आणि सोड आता तो विषय. झोपत नाहीस म्हणे. आई सांगत होत्या."

त्यांना अजून काही कळलेलं नाही. ते इतके साधे आहेत, त्याचाच जास्त त्रास होतो. चोराच्या मनात चांदणं म्हणतात. मला त्यांच्या प्रत्येक टक् मध्ये काहीतरी ऐकू येतं.

शनिवार, ४ ऑक्टोबर

छोट्या वहीतलं ते पान फाडायचं ठरवलं होतं. "११.२२, सुतारकाका (उजवा), मोठे गॉज, नग" आणि पुढे काही नाही. अक्षर इतकं सुंदर आलं आहे की बघवत नाही. एक रेघसुद्धा हललेली नाही. माणूस समोर रक्ताने भिजतो आहे आणि काना सरळ.

पण पानांना मी क्रमांक घातले आहेत. एक नंबर गेला तर कळेल. तसंच ठेवलं.

मंगळवार, ७ ऑक्टोबर

सुतारकाकांकडे गेलो. नऊ दिवस टाळलं. रोज म्हणत होतो, आज काम जास्त आहे.

एका खोलीत राहतात. सगळं सामान त्यांनीच केलेलं, एकही खिळा दिसत नाही. खिडकीत बसले होते. डाव्या हाताने चमच्याने भात खात होते आणि निम्मा मांडीवर सांडत होता. मी आलो तसं ताट खाली ठेवलं.

"ये रे दोनदा. बस. बरं झालं आलास. ही पट्टी बदलायची आहे. सून कामावर गेली. तू बदल."

मी म्हटलं, मला येत नाही.

"डबा कुणाचा आहे?"

हात धुतले. दोनदा. पट्टी सोडवली. टाके मोजले. सोळा. गॉज ठेवला आणि गुंडाळायला लागलो तर सगळं वेड्यासारखं सैल होऊन मनगटाशी गोळा झालं. सोडवलं. परत केलं. परत गोळा. काका खिडकीबाहेर बघत होते. तिसऱ्यांदा म्हणाले, "ओढ थोडी. मी काच नाही. प्रत्येक वेढा आधीच्यावर अर्धा चढव, कौलं चढवतात तशी. हां. आता असं."

चौथ्यांदा बसली. चांगली नाही, पण बसली.

काका म्हणाले, "मी सुतारकामाला लागलो तेव्हा वस्तादाने सहा महिने रंधा पुसायला दिला होता. मला वाटायचं, आता मला रंधा येतो." आणि हसले. मग हात वर करून पट्टी बघत म्हणाले, "तेवढं एक राहिलं विचारायचं. माझं नाव लिहून झालं होतं का पूर्ण?"

मला वाटलं जमीन दुभंगावी आणि मी आत जावं.

मी म्हटलं, "हो काका."

"चांगलं झालं. अर्धवट राहिलं असतं तर मला रुखरुख लागली असती."

ते रागावलेले नव्हते, हे मी लिहून ठेवतो. रागावले असते तर बरं झालं असतं. मी कडीबद्दल सांगायला तोंड उघडलं. ते म्हणाले, "ते मला नको सांगू. मी तिथेच होतो. ज्याला सांगायचं त्याला सांग." आणि ताट उचललं. मी चमचा धरू का विचारलं. म्हणाले, "नको. डाव्याला शिकू दे."

म्हणजे काकांना माहीत आहे. मग मावशींना माहीत आहे. भावजी काकांना मागून धरून होते. काकांच्या खांद्यावरून समोर काय दिसतं, ते मी आज घरी येऊन खुर्ची मांडून बसून बघितलं. आईला पुढे बसवलं आणि डबा समोर ठेवला.

सगळं दिसतं.

बुधवार, ८ ऑक्टोबर

दोन सुती पट्ट्या घेतल्या, सरावासाठी. संध्याकाळी आईला म्हटलं, हात दे. तिने हात दिला. तळव्यावर सुरीची खूण आहे, वेडीवाकडी भरली आहे. टाका पडायला हवा होता. मी त्यावरून पट्टी बांधली, सोडली, बांधली. अकरा वेळा. ती म्हणाली, "तेव्हा बांधली असतीस तर एकदाच पुरली असती." मग लगेच म्हणाली, "गंमत करते रे."

शुक्रवार, १० ऑक्टोबर

साहेबांनी डब्याचा हिशेब मागितला. सोमवारी चहाच्या सुट्टीत वाचायचा आणि फळ्यावर लावायचा. भावजी स्टोअरच्या जाळीशी आले. "कडीचे पंच्याऐंशी माझ्या नावावर लिही, विसरू नको. म्हणजे मिटलं."

मी विचारलं, भावजी, तुम्ही नवीन कडी आणली का?

"आणतो की. काय घाई आहे?"

मी संध्याकाळी हिशेब लिहायला बसलो. बाकी सगळं एका दमात लिहिलं. कडीच्या ओळीशी पेन थांबलं. मी तोंडाने खोटं बोललो, ते सहज बोललो. पण जी वस्तू आलीच नाही, ती आली असं मला लिहिता येईना. हात नाही म्हणाला. स्वतःची बढाई म्हणून हे सांगत नाही. सांगायची गोष्ट एवढीच की मला भावजींची दया आली नाही, हिशेबाची आली. माझी लायकी तेवढी आहे.

सोमवार, १३ ऑक्टोबर

वाचला. उभा राहून, सगळ्यांसमोर. आवाज फाटला, पण शेवटच्या ओळीपर्यंत गेलो. ती ओळ वाचली तेव्हा मावशींच्या बशीत कप ठेवल्याचा आवाज झाला.

साहेब म्हणाले, "ती छोटी वही आण."

आणली. त्यांनी पहिलं पान काढलं. ११.२२. मी नंतर खाली लिहून ठेवलं होतं, पुडी उघडली ११.२६. त्यांनी ते बराच वेळ वाचलं. मग भावजींना म्हणाले, "तू का बोलला नाहीस? मी सगळ्यांसमोर बारा कपाटं उघडली तुझी."

भावजी म्हणाले, "उघडली ना? एक तरी अडकली?"

साहेबांनी छोटी वही मिटली. मला म्हणाले, "डबा आजपासून मावशींकडे. तू फक्त उचलायचा. उघडायचा त्यांनी." मी मान हलवली. मावशींना डबा दिला तेव्हा त्यांनी सहीसाठी हात पुढे केला. मी म्हटलं, सही नको. त्या म्हणाल्या, "बघा, सुधारला," पण हसल्या नाहीत. रुमालाचे पैसे देतो म्हटलं तर म्हणाल्या, "दे. घेणार आहे मी." ते बरं वाटलं.

भावजी संध्याकाळी घरी जाताना फाटकाशी थांबले. जिथे मला खिसे उलटे करून उभं केलं होतं तिथेच. म्हणाले, "छान केलंस. आता मी खोटारडा ठरलो ना! कडी खराब ठरली असती तर परवडलं असतं, कडी बदलता येते." मी माफी मागायला लागलो. त्यांनी माझी मान धरून हलवली, जरा जोरात, आणि पुढे गेले. ते हसत होते की नाही, मला नक्की कळलं नाही. चालताना त्यांचा खांदा हलत होता.

फळ्यावर लावलेला हिशेब इथे उतरवून ठेवतो.

जमा: पाच जणांचे प्रत्येकी ३००. एकूण १५००.

खर्च:
औषधवाला, पहिली खरेदी: ११८५
डोंगरावर वापरलेले गॉज व पट्ट्या, परत भरल्या: १३०
सुती पट्ट्या, सरावासाठी, २ नग (पहिल्यांदाच घ्यायला हव्या होत्या): ५०
नाडी, कात्री डब्याच्या बाहेर बांधण्यासाठी: १०
पुड्यांची तोंडे कापून उघडी केली: खर्च नाही
एकूण खर्च: १३७५
शिल्लक, फोरमनसाहेबांकडे जमा केली: १२५

देणे, माझ्याकडून, मंडळींच्या पैशातून नाही:
मावशींचा पिवळा रुमाल: १६०
सुतारकाकांची पट्टी, एक दिवसाआड बदलणे, टाके निघेपर्यंत

नवी कडी, फिटरांच्या नावे ८५ लिहायला सांगितले होते. लिहिलेले नाहीत. कडी जुनीच आहे. पहिल्या दिवसापासून नीट चालते. डोंगरावर ती अडकली नव्हती. मी अडकलो होतो.